उमेदवारी अर्जावर 'समाज' कशाला? : मॉरिशसची 'बेस्ट लूजर' पद्धत

उसाचा_रस (धागाकर्ता)

मंडळी, नोकरीच्या निमित्ताने अडीच वर्षं मॉरिशसला काढून नुकताच परत आलोय. १० नोव्हेंबर २०२४ ची तिथली निवडणूक जवळून बघितली. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, ती इथे मांडतो.

तिथे आमदारकीला उभं राहायचं तर अर्जावर नाव-पत्त्यासोबत आपला 'समाज' लिहावा लागतो. पर्याय चारच: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि 'जनरल पॉप्युलेशन'. हा चौथा प्रकार राज्यघटनेने कसा ठरवलाय बघा. ज्याच्या राहणीवरून तो पहिल्या तिघांपैकी वाटत नाही, तो जनरल. उरलंसुरलं सगळं एका डब्यात.

आता या डब्यात कोण कोण आहे? फ्रेंच मळेवाल्यांचे गोरे वंशज, ज्यांच्याकडे आजही ऊस आणि जमिनी आहेत. आणि त्याच मळ्यांवर राबलेल्या आफ्रिकी, मालागासी (मादागास्करच्या) गुलामांचे वंशज, म्हणजे क्रिओल. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी संपली तेव्हा इंग्रज सरकारने तिथे सुमारे २० लाख पौंड भरपाई वाटली, ती मालकांना. गुलामांच्या हातावर छदाम ठेवला नाही. आज घटनेच्या लेखी दोघांचा 'समाज' एक!

निवडून आलेल्या ६२ जणांत कुठला समाज कमी पडला ते बघून, हरलेल्यांतल्या चांगली मतं मिळालेल्यांना जास्तीत जास्त ८ जागा देतात. तेच 'बेस्ट लूजर'. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ साली सांगितलं की समाज लिहिला नाही म्हणून अर्ज फेटाळणं हक्कांचा भंग आहे. त्यावर २०१४ च्या निवडणुकीपुरता कायदा केला, की नाही लिहिलं तरी चालेल, फक्त मग बेस्ट लूजर होता येणार नाही. तो तेवढ्यापुरताच राहिला. २०१९ ला पुन्हा न लिहिणाऱ्यांचे अर्ज बाद.

माझं मत सरळ आहे. हा साहेबाने जाताना लावलेला कप्पेबंद फडताळाचा संसार आहे, तो मोडीत काढावा.

तिरकी_मान

लेख आवडला, मत अजिबात नाही पटलं.

'साहेबाने लावला' हे अर्धं खरं आहे. निवडणूक पद्धत ठरवायला नेमलेला बॅनवेल आयोग १९६६ चा, साहेबाचाच. पण ही हमी मागितली होती तिथल्या अल्पसंख्याकांनी, आणि का मागितली ते तुम्ही गाळलंत. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत मुख्य मुद्दा होता स्वातंत्र्य हवं की नको. सर शिवसागर रामगुलाम यांच्या आघाडीने ती जिंकली, पण ४४ टक्के मतं विरोधात पडली. आपल्याकडे स्वातंत्र्याला ४४ टक्के विरोध म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. तिथे क्रिओल आणि इतर अनेकांना वाटत होतं की इंग्रज गेला की बहुसंख्य हिंदूंचं राज्य येणार, आपण संपलो. जानेवारी १९६८ मध्ये, स्वातंत्र्य सहा-सात आठवड्यांवर असताना, पोर्ट लुईमध्ये क्रिओल आणि मुसलमानांत दंगल पेटली. सिंगापूरहून ब्रिटिश फौज आणावी लागली.

अशा वेळी कुणाला तरी सांगावं लागतं, की बाबा घाबरू नकोस, निवडणूक हरलास तरी तुझा माणूस सभागृहात दिसेल. आठ जागांत हा धीर मिळत असेल तर सौदा स्वस्त आहे. पुण्यात बसून फडताळ मोडा म्हणायला काय जातंय.

उसाचा_रस

@तिरकी_मान, मी नाशिकचा. बाकी चालू द्या. 😀

नुसत्या_चकाट्या

'राहणीवरून' समाज ठरवणं हे भारी आहे. आमच्या मामांना राहणीवरून ठरवायचं तर सकाळी वारकरी, दुपारी गुजराती (शेअर बाजार), रात्री गोव्याचे. कुठल्या डब्यात टाकणार?

गंमत सोडा, पण समजा कुणी खोटं लिहिलं तर? ठरवतं कोण?

उसाचा_रस

मतदार हरकत घेऊ शकतो, मग सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश निकाल देतो. म्हणजे एखाद्याचं जेवण-लग्न-देवघर बघून न्यायाधीशाने सांगायचं, की तू अमुक. मामांना घेऊन जा एकदा.

गणितमास्तर

वाद घालण्याआधी हे चालतं कसं ते बघा, मजा आहे.

समाजाची लोकसंख्या घ्यायची. त्याला (मिळालेल्या जागा अधिक एक) याने भागायचं. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, तो समाज सगळ्यात 'उपाशी', त्याला जागा. पुन्हा भागायचं. असं चार वेळा. पुढच्या चार जागा देताना पक्षांचा तोल बिघडू नये हेही बघतात.

लोकसंख्या साधारण अशी धरतात: हिंदू ४,२८,०००, जनरल २,३७,०००, मुस्लिम १,३७,०००, चिनी २४,०००. आता समजा (हे माझं काल्पनिक उदाहरण) ६२ पैकी हिंदू ३८, जनरल १५, मुस्लिम ८, चिनी १ निवडून आले. भागाकार:

हिंदू ४,२८,००० ÷ ३९ = सुमारे १०,९७४
जनरल २,३७,००० ÷ १६ = सुमारे १४,८१२
मुस्लिम १,३७,००० ÷ ९ = सुमारे १५,२२२
चिनी २४,००० ÷ २ = १२,०००

पहिली जागा मुस्लिम. त्यांचा भाजक १० झाला, आकडा १३,७०० वर आला. दुसरी जनरल (१४,८१२). तिसरीही जनरल, कारण १७ ने भागूनसुद्धा १३,९४१ उरतात. चौथी पुन्हा मुस्लिम. गणित म्हणून स्वच्छ आहे, मला आवडलं.

पण खरी गोम लोकसंख्येच्या आकड्यांत आहे. हे आकडे १९७२ च्या जनगणनेचे आहेत. त्यानंतर तिथल्या जनगणनेत समाज विचारणंच बंद झालं, आणि १९८२ मध्ये घटनादुरुस्ती करून ठरवलं की इथून पुढे १९७२ चेच आकडे वापरायचे. तेव्हा देश सव्वाआठ लाखांचा होता, आता साडेबारा लाखांच्या घरात आहे. म्हणजे आजच्या पोरांचं प्रतिनिधित्व त्यांच्या आज्यांच्या शिरगणतीवर. गणितात याला चूक म्हणतात, राजकारणात तडजोड म्हणत असावेत.

तिरकी_मान

मास्तर, नवी शिरगणती केली की नवा वाद. कोण वाढलं, कोण घटलं. आपल्याकडे जातगणनेवरून काय चाललंय बघताय ना? त्यांनी आकडे गोठवले ते शहाणपणानेच.

दुसरं, २०२४ चा निकालच घ्या. मॉरिशस बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकी तीन जागा, मतदाराला तीन मतं (६२ पैकी उरलेल्या दोन जागा रॉड्रिग्ज बेटाच्या). नवीनचंद्र रामगुलाम यांच्या आघाडीला साधारण ६१-६२ टक्के मतं मिळाली आणि जागा मिळाल्या ६० पैकी ६०. मावळत्या सत्ताधाऱ्यांना २७ टक्क्यांच्या आसपास मतं पडूनही भोपळा. १९८२ आणि १९९५ लाही असाच साठ-शून्य झाला होता. या वेळी विरोधी पक्षनेते झाले ते जो लेजोंगार, बेस्ट लूजर म्हणून आत आलेले! ही पद्धत नसती तर मॉरिशस बेटावरचा एकही विरोधक सभागृहात नसता.

उसाचा_रस

तुम्ही माझाच मुद्दा मांडलात की. २७ टक्क्यांना शून्य जागा हा मतदान पद्धतीचा दोष. त्यावर उपाय मतांच्या प्रमाणात काही जागा देण्याचा. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती आल्बी सॅक्स यांच्या आयोगाने २००२ मध्ये नेमकं हेच सुचवलं होतं, ६२ वर आणखी ३० जागा प्रमाणशीर द्या. त्यात कुणाला देवघर विचारायची गरज नाही. इतकी वर्षं ते कागदावर आहे, कारण साठ-शून्य जिंकणाऱ्याला ते नकोच असतं.

कोल्हापुरी_तर्री

आपल्या घटना समितीने स्वतंत्र मतदारसंघ फेकून दिले. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी लावलेलं ते रोप शेवटी फाळणीपर्यंत गेलं. मॉरिशसने तेच जपून ठेवलंय. विषय संपला.

तिरकी_मान

@तर्री, विषय सुरू पण नाही झाला. मॉरिशसमध्ये स्वतंत्र मतदारसंघ नाहीत. मतदार यादी एकच, हिंदू मुसलमानाला मत देतो, मुसलमान क्रिओलला. बेस्ट लूजर हा मतदानानंतरचा हिशेब आहे. आणि आपण तरी सगळं कुठे फेकलं? अँग्लो-इंडियन समाजाचे दोन सदस्य लोकसभेवर नेमायची तरतूद २०२० पर्यंत होती.

कोल्हापुरी_तर्री

बरं, स्वतंत्र मतदारसंघाचं मागे घेतो. पण मग राखीव जागांचंही बोला. पुणे करारातून आलेल्या आपल्या राखीव जागा कशासाठी? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दाबलं त्यांच्यासाठी. मॉरिशसमध्ये सगळ्यात दाबलेला कोण, तर क्रिओल. त्याला तुम्ही गोऱ्या मळेवाल्याबरोबर एका ताटात बसवलंत. जागा 'जनरल'ला मिळाली, पण ती नेमकी कुणाला मिळाली?

फेब्रुवारी १९९९ मध्ये काया नावाचा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला. सेगा (तिथलं क्रिओल लोकसंगीत) आणि रेगे मिसळून 'सेगे' गाणारा. गांजावरची बंदी उठवा म्हणणाऱ्या सभेत गांजा ओढला म्हणून पकडला होता. त्यानंतर काही दिवस देश जळत होता. तेव्हाही सभागृहात बेस्ट लूजर बसलेलेच होते ना?

उसाचा_रस

+१. हे माझ्या लेखात यायला हवं होतं.

मोका_मराठी

नमस्कार. मी मॉरिशसचा. माझी मराठी शाळेतली आणि महात्मा गांधी संस्थेतली आहे, चुकलं तर समजून घ्या. घरी आम्ही क्रिओल बोलतो (नाव समाजाचंच, पण ही फ्रेंचवरून आलेली भाषा).

आमचे पणजोबा रत्नागिरीकडून मुंबई बंदरातून आले. पोर्ट लुईच्या घाटावर उतरले (त्यालाच आता आप्रवासी घाट म्हणतात), त्यांना एक नंबर मिळाला. आमच्या घरात त्या कागदाची झेरॉक्स आहे. त्यावर गावाचं नाव असं लिहिलं आहे की रत्नागिरीत दोन वेळा येऊन विचारलं, कुणाला कळलं नाही. त्यांचं पहिलं नाव हेच आमचं आडनाव झालं. आडनाव काय होतं, माहीत नाही.

तुम्ही सगळे अर्जाबद्दल बोलत आहात. आमच्याकडे अर्ज शेवटी येतो. यादी आधी बनते. पक्षाच्या ऑफिसात तिकिटं ठरताना तीन नावं निवडायची असतात, तेव्हा बघतात या भागात किती हिंदू, किती तमिळ, किती तेलुगू, किती मराठी, किती मुसलमान, किती क्रिओल. हिंदूंच्या आत जातसुद्धा बघतात. कायद्याने मी 'हिंदू' आहे. पण रस्त्यावर 'हिंदू' म्हणजे भोजपुरी-हिंदीवाले. मी 'मराठी'. आम्ही दोन टक्क्यांच्या आसपास. मंत्रिमंडळ आलं की आमच्या संस्थांत पहिला प्रश्न, आपला कोणी आहे का?

हे कुठल्याही घटनेत लिहिलेलं नाही. तुम्ही अर्जावरचा रकाना खोडला तरी ही मोजणी चालूच राहणार. फक्त मग ती बंद खोलीत राहील आणि मास्तरांना भागाकार करून दाखवता येणार नाही. मला लिहिलेली मोजणी बरी वाटते. तिच्याविरुद्ध कोर्टात तरी जाता येतं.

गणितमास्तर

हा मुद्दा मला सुचला नव्हता. थांबून विचार करतो.

उसाचा_रस

@मोका_मराठी, स्वागत! तुमची मराठी आमच्यापेक्षा बरी आहे.

पण उलटंही म्हणता येईल ना? पक्ष असं मोजतात कारण घटनेनेच त्यांना शिकवलं की माणूस आधी समाज असतो. नोटांचं प्रकरण आठवा. १९९८ मध्ये नव्या नोटा छापल्या आणि त्यावर तमिळ मजकुराच्या आधी हिंदी मजकूर आला. आधी इंग्रजी, तमिळ, हिंदी असा क्रम असायचा. तमिळ समाज चिडला आणि शेवटी त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. मी तिथल्या नोटा खिशात घेऊन फिरलोय, तो मजकूर इतका बारीक असतो की दोलपुरीवाल्याला पैसे देताना कुणी बघतही नाही. दोन ओळी वर-खाली झाल्या तर एवढं!

तिरकी_मान

नोटेवरची ओळ तुम्हाला बारीक दिसते कारण तुमची लिपी कुणी खाली ढकलली नाही. ज्याची गेली त्याला विचारा. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं केवढी असावीत यावर काय काय झालंय, विसरलात?

मडगावचो_पाव

गोव्यातून बोलतोय, मध्येच तोंड घालतो. सगळे जागांवर भांडताय. मला वाटतं खरी गोष्ट भाषेची आहे.

मोका_मराठी म्हणाले घरी क्रिओल बोलतो. तिथे जवळजवळ सगळेच बोलतात, कुठल्याही डब्यातले असोत. म्हणजे देशाला जोडणारी भाषा हातात आहे. पण कारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये. प्राथमिक शाळेत क्रिओल आली २०१२ साली, तीसुद्धा ऐच्छिक, हिंदी, उर्दू, तमिळ, मराठी यांच्याच तासाला. एक घ्या, दुसरी सोडा. मग क्रिओल घेतं कोण? ज्यांची दुसरी 'पूर्वजांची भाषा' नाही ते. झाली ती पण एका समाजाची.

आम्ही हे भोगलंय. घरात कोकणी बोलायची आणि ती स्वतंत्र भाषा की मराठीची बोली यावर आयुष्यं घालवायची. १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणी आली, मराठीची सोय झाली, आणि रोमी लिपीत लिहिणारा आमचा ख्रिश्चन शेजारी बाहेर राहिला. तो आजही भांडतोय. जी सगळे बोलतात ती 'बोली' आणि जी घरात कुणीच बोलत नाही ती 'मातृभाषा', हा तमाशा आम्हाला नवीन नाही. मॉरिशसमधल्या मराठी तासांचं कौतुक करणाऱ्या महाराष्ट्रातल्या मंडळींनी याचा जरा विचार करावा.

कोल्हापुरी_तर्री

म्हणजे मराठी बंद करा म्हणताय का तिथली? चार पिढ्या टिकवली त्यांनी. गणेश चतुर्थीला राष्ट्रीय सुट्टी आहे तिथे. २०२३ मध्ये मोकाला शिवरायांचा पुतळा उभा राहिला.

मडगावचो_पाव

बंद करा असं कुठे म्हटलं? तास वेगळा ठेवा म्हटलं. मराठी शिकायची तर क्रिओल सोडावी लागू नये, आणि क्रिओल घेणाऱ्याला मराठी. पुतळ्याचा इथे काय संबंध तेवढं मला कळलं नाही, पण असो.

मोका_मराठी

पाव यांचं बोलणं लागलं, पण खोटं नाही. मी मराठी शिकवतो. माझ्या वर्गात यंदा सात मुलं आहेत. त्यातली दोन माझ्या भावाची. मुलं 'माझा गणपती' हा निबंध पाठ करतात आणि मधल्या सुट्टीत त्या गणपतीच्या गोष्टी एकमेकांना क्रिओलमध्ये सांगतात, तेव्हा जास्त रंगतात. आम्ही झाकरी म्हणतो ते (तुमच्या कोकणात जाखडी), त्यातले शब्द म्हणणाऱ्यांना पूर्ण कळत नाहीत. पाय बरोबर पडतात.

हा तास गेला तर माझी नोकरी जाईल, हे मी आधीच सांगतो, म्हणजे माझं मत किती खरं धरायचं ते तुम्ही ठरवा. तास वेगळे झाले तर मला आनंद आहे. पण आमच्याकडे 'वेगळं करू' म्हणून कमिटी बसते आणि उठते तेव्हा दोन्हीपैकी एक गेलेलं असतं.

नुसत्या_चकाट्या

हे फक्त तुमच्याकडेच होत नाही हो सर.

गणितमास्तर

विचार केला. मोका_मराठी म्हणतात मोजणी लिहिलेली बरी. मान्य. पण लिहिलेली मोजणी चुकीची असेल तर ती न मोजण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर शिक्का असतो. चार डब्यांत मराठी नाही, तमिळ नाही, क्रिओलही स्वतंत्र नाही. म्हणजे पक्षाच्या खोलीत जी मोजणी होते ती ही नव्हेच. मग १९७२ च्या भागाकाराने नेमकं काय दुरुस्त होतं? मुस्लिम समाजाला त्यातून खरंच आधार मिळतो, हे आकड्यांत दिसतं. चिनी समाज एवढा लहान असला तरी त्यालाही कधीमधी मिळेल. बाकीच्यांसाठी हे नाटक आहे.

तेव्हा माझं: आधी प्रमाणशीर जागा आणा, एक-दोन निवडणुका जाऊ द्या, मग बेस्ट लूजर काढा. आधी काढू नका.

तिरकी_मान

मास्तर माझ्या बाजूला आले. आजचा दिवस चांगला.

उसाचा_रस

ते मध्यावर आलेत, तुमच्या बाजूला नाही. आणि 'आधी ते, मग हे' म्हणत तिकडे वीसेक वर्षं गेली, हे विसरू नका. मी 'मोडीत काढा' वर कायम, फक्त 'लगेच' हा शब्द मागे घेतो.

@मोका_मराठी, एक विचारू? तुमच्या घरात पुढे कुणी उभं राहिलं तर अर्जावर काय लिहील?

मोका_मराठी

माझी बायको क्रिओल, कॅथलिक. मुलगी अकरा वर्षांची. गणेश चतुर्थीला मोदक वळते, नाताळला आजीबरोबर चर्चला जाते, रोज दुपारी चिनी दुकानातून नूडल्स आणते. मी हा धागा तिला क्रिओलमध्ये सांगितला. ती म्हणाली, राहणी बघायला माणूस घरी येतो का? मी म्हटलं, नाही. मग त्याला कसं कळतं, म्हणाली.

शाळेत तिने क्रिओल घेतली आहे. तिच्या दोन मैत्रिणींनी घेतली म्हणून. माझ्या वर्गातल्या सातांत ती नाही.

मडगावचो_पाव

सर, मघाचं ते 'तमाशा' वगैरे जरा जास्त झालं. गोव्याला आलात तर कळवा. जाखडीवाले नाहीत आमच्याकडे, पण शिमग्याला या.